बुजवलेली मोरी

शामरावअण्णा गेल्याचं मला वडगावहून आलेल्या फोनवर कळलं. मी तेव्हा पोहे खात होते. फोन ठेवला, राहिलेले पोहे संपवले आणि वर चहाही घेतला. नव्वदी ओलांडून, स्वतःच्या घरात, गादीवर पडल्या पडल्या, नातवंडांच्या हातचं पाणी पिऊन गेले म्हणे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. माझ्याकडून त्यांना एवढं चांगलं पुरे. मीही आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, डोळ्यांत थेंब घालावे लागतात. पण तो राग अजून तरणा आहे. ज्या पावसाळ्यात तो जन्माला आला, तो एकदाचा लिहून काढायचा असं तेव्हाच ठरवलं.

आमचं घर पेठ वडगावात, गावाच्या उतारावर होतं. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, रजया शिवायच्या, हा अब्बांचा आणि त्यांच्या अब्बांचा धंदा. पुढच्या खोलीत आढ्याला पिंजण टांगलेली असायची, माझ्यापेक्षा लांब, धनुष्यासारखी. तिच्या तातीवर, म्हणजे ताणून बांधलेल्या दोरीवर, अब्बा लाकडी मुठियाने ठोका द्यायचे, आणि तांय-धुम्, तांय-धुम् असा आवाज सकाळपासून आमच्या छातीत घुमत राहायचा. तो थांबला की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. घरभर कापसाची म्हातारी उडायची. भाकरीवर, चटणीवर, अम्माच्या केसांवर. जेवताना तोंडात आलेला तंतू बोटाने काढून आम्ही पुढचा घास घ्यायचो, त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो; पण इथे सगळं मराठीतच लिहिते, कारण माझ्या नातींनाही आता ती नीट कळत नाही.

कापसाचा एकच वैरी, पाणी. म्हणून पावसाळा म्हणजे आमच्या घराचा रोजा. मृग लागला की अब्बा गाठोडी मागच्या भिंतीशी, फळ्या मांडून, उंचावर रचायचे आणि चार महिने जेवढं जमेल तेवढंच काम करायचे. दमट कापूस पिंजला जात नाही, तो तातीला चिकटतो, आवाज बसल्यासारखा येतो. त्या आवाजावरून अब्बा बाहेर न बघता सांगायचे, "जोतिबाकडनं ढग निघाला बघ." आणि खरंच तासाभरात सर यायची. आता माझ्या मोबाईलवर लाल-पिवळ्या रंगात इशारे येतात आणि पाऊस भलत्याच गावात पडतो. तेव्हा आम्हाला पाऊस नावानिशी माहीत होता. पुनर्वसूतला तो तरणा पाऊस, उडाणटप्पू, धाडधाड येणारा. पुष्यातला म्हातारा, दिवसभर एका लयीत कण्हणारा. आसळकातला, म्हणजे आश्लेषातला, लहरी, ऊन आणि सर एकाच वेळी अंगावर टाकणारा. आणि मघा पडल्या की माणसाला घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. त्यावरची म्हण इथे लिहिण्यासारखी नाही, शेजारच्या आक्काताई मात्र ती मोठ्यांदा म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. अम्मा त्या दिवसांत कुळथाचं माडगं करायची, चुलीच्या राखेत सुकट भाजायची. ओल्या लाकडांचा धूर, माडग्याचा वास आणि ओलसर कापसाचा तो कुबट वास, हे तीन मिळून माझा पावसाळा.

घराच्या मागे एक ओघळ होती. वरच्या आळीचं, रानातलं सगळं पाणी त्या ओघळीने यायचं, आमच्या मागच्या भिंतीला वळसा घालून शामरावअण्णांच्या गोदामाच्या आवारात शिरायचं आणि तिथल्या एका जुन्या दगडी मोरीतून पुढे ओढ्याला मिळायचं. शामरावअण्णा गुळाचे व्यापारी. गुऱ्हाळं चालू असताना गुळाचे रवे घ्यायचे, म्हणजे त्या मोठाल्या ढेपा, गोदामात थरावर थर लावायचे, खाली कोंडा, वर पाचट, आणि दारं घट्ट लावून बसायचे. गणपती-दिवाळीला गुऱ्हाळं बंद असताना दार उघडायचं. गुळाचा वैरीही पाणीच. दमट वारं लागलं तरी रवा पाझरायला लागतो. त्या वर्षी त्यांना गोदामाच्या भिंतीला ओल दिसली. उन्हाळ्यात त्यांनी दोन गाड्या दगड-मुरूम आणून मोरीचं तोंड बुजवून टाकलं आणि आवार हातभर उंच करून घेतलं.

अब्बा विचारायला गेले, मी त्यांच्याबरोबर होते. अण्णा गोदामाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. अब्बा टोपी नीट करत म्हणाले, "अण्णा, पाण्याला वाट ठिवा की. सगळं माझ्या भित्ताडाशी साचंल."

अण्णांनी वरसुद्धा बघितलं नाही. "हुसेन, पाणी आपली वाट आपण शोधतंय. तू कापूस पिंज, गूळ मी बघतो."

"भित्ताड मातीचं हाय, अण्णा."

"मग दगडाचं बांध की. मी न्हाय म्हणतोय व्हय?"

तिथे बसलेले दोघे-तिघे हसले. अब्बाही हसले. ते हसणं मला आजही दिसतं. मार खाल्लेल्या माणसाचं, दात न दाखवता केलेलं.

तरण्या पावसाने तीन दिवस उघडीप दिली नाही. ओघळ भरून आली, अडली आणि आमच्या मागच्या भिंतीशी तळं झालं. अब्बा आणि अम्मा घमेल्यांनी पाणी उपसत होते. एक घमेलं बाहेर टाकावं तर दोन आत. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीचा पोपडा सुटायला लागला तसे अब्बा गाठोडी हलवायला धावले. त्यात एका लग्नघराचा नवा कापूस होता, तो भिजला तर तोंड दाखवायला जागा नाही म्हणाले. मी दारात उभी होते. भिंत धाडकन पडत नाही; ती आधी सुस्कारा टाकल्यासारखी खाली बसते, मग अंगावर येते. अब्बा कमरेपर्यंत चिखलात गाडले गेले आणि उजवा हात आडव्या तुळईखाली अडकला. अम्मा ओरडली तो आवाज पावसात कुणाला ऐकू गेला नसता. पण आमच्या समोरच तुकामामा राहायचे, कौलं शाकारणारे. ते आणि आक्काताईंची सून पळत आले. तुकामामांनी एकट्याने खांदा लावून तुळई उचलली.

कोल्हापुरात हाडाच्या डॉक्टरला दाखवलं. हात राहिला, पण कोपरात काटकोनात कायमचा आखडला. मुठिया धरायचा हात तोच होता.

शामरावअण्णा समाचाराला आले. हातात छत्री आणि बिस्किटांचा पुडा. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "पावसानं केलं, हुसेन. पावसापुढं कुणाचं चालतंय?"

आणि अब्बा म्हणाले, "व्हय."

भिंत पडली तेव्हा मी रडले होते. त्या "व्हय"नंतर मी रडायची थांबले. पुडा मी मागच्या दारी नेला आणि एकेक बिस्कीट तळ्यात टाकलं. त्यांचा गूळ कोरडा राहावा म्हणून आमचा कापूस भिजला होता, अब्बांचा हात गेला होता, आणि अख्खं गाव पावसाला शिव्या घालत होतं. पाऊस दरवर्षीच पडत होता. मोरी त्या वर्षीच बुजली होती. पंधरा वर्षांच्या पोरीला दिसत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं, असं नव्हे. दिसत होतं. पण शामरावअण्णा मोठे होते, आणि पावसाला शिवी दिली तर पाऊस उलटून काही करत नाही.

पुढचा महिनाभर मी दुसरं काही केलं नाही, फक्त ते गोदाम बघितलं. अम्मा अब्बांना भरवायची, मी मागच्या पडक्या भिंतीच्या ढिगावर बसून कौलं मोजायची. गोदामाची मागची उतरण आमच्या परसाकडे होती, पश्चिमेला तोंड करून. तिकडे दुसऱ्या कुणाचीच नजर जात नव्हती. वारंही तिकडूनच यायचं आणि सर त्याच बाजूला झोडपायची. मागच्या उन्हाळ्यात तुकामामांनी आमचं घर शाकारलं तेव्हा मी त्यांना खालून कौलं देत होते. ते सांगत होते, "कौल फुटायची गरज न्हाय, पोरी. बोटभर वर सरकलं की झालं. मांजर पळालं तरी सरकतंय, आन पाणी नेमकं तीच फट हुडकतंय." मी ते वाक्य गिरवत बसले होते. त्या पोरीने त्यांच्याकडून काय उचललं हे त्यांना स्वप्नातही आलं नसतं.

नागपंचमीला दुपारी आळीतल्या सगळ्या बायका-पोरी झोपाळ्यांकडे गेल्या. पुरुष पेंगत होते. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, आमच्याच पडक्या भिंतीच्या ढिगावरून गोदामाच्या भिंतीवर चढले आणि तिथून कौलांवर. शेवाळ्याने पाय घसरत होते, गुडघे सोलवटले. भीती वाटली का, असं नातीने विचारलं मागे. नाही वाटली. उतावीळ झाले होते, एवढंच. मधल्या दोन ओळींतली कौलं मी एकेक करून वरच्या कौलाखाली सरकवली. फटींतून आतला अंधार दिसला आणि गुळाचा गोड, गरम वास तोंडावर आला. मी त्या अंधाराला म्हणाले, "आता पी पाणी."

मग मी पावसाची वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा. कुणब्यांची पोरं पेरणीनंतर मागतात तसा नव्हे. नमाजानंतर हात पसरून मी तो एका छपरासाठी मागत होते. आणि तो पडला. आसळकाने सुरुवात केली, मघांनी कसर काढली. रात्रंदिवस कौलांवर, पानांवर, चिखलात पाऊस वाजायचा. अम्मा उसासे टाकायची आणि मी पांघरुणात तोंड घालून मनात म्हणायची, पड, अजून पड, थांबू नको. इतकी शांत झोप मला त्यानंतर क्वचितच लागली.

गणपतीच्या तोंडावर आधी मुंगळे आले. काळ्या रांगाच्या रांगा, सगळ्या गोदामाच्या दिशेने. मग माश्या, मग आंबूस वास, हातभट्टीवर येतो तसा. गोदामाच्या मागच्या भिंतीखालून तांबूस पाणी पाझरत आमच्या परसात आलं. अम्माने वाकून त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग माझ्या गुडघ्यांवरच्या ताज्या वणांकडे बघितलं.

"किती?" तिने विचारलं.

"दोन ओळी."

अम्माने मान वर करून गोदामाच्या कौलांकडे बघितलं. मग पदराला बोट पुसत म्हणाली, "दोनच?"

शामरावअण्णांनी दार उघडलं तेव्हा मी आवारातच, दारासमोर उभी होते, लपलेसुद्धा नाही. मधली सगळी थप्पी खाली बसली होती, आमची भिंत बसली तशीच. रवे एकमेकांत विरघळून काळा चिखल झाला होता, त्यावर फेस. अण्णा उंबऱ्यावर मटकन बसले, टोपी काढली. "पावसानं वाटोळं केलं रं माझं," असं म्हणून कपाळ बडवून घेतलं. आक्काताई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पावसापुढं कुणाचं चालतंय, अण्णा?" त्या हे सहज म्हणाल्या की मुद्दाम, मला कधीच कळलं नाही. पण तो क्षण मी अजून जपला आहे. पुष्कळ सणवार विसरले, लग्नातले विधी विसरले. ती काढलेली टोपी विसरले नाही.

इथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण अण्णा शिडी लावून वर चढले आणि सरकलेल्या ओळी त्यांना दिसल्या. गोदाम उन्हाळ्यात शाकारलं होतं ते तुकामामांनी. अण्णांनी त्यांना धरलं. कामात कुचराई केली म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी म्हणाले, कुणीतरी चार पैसे चारून मुद्दाम करवलंय. तुकामामा शपथा घेत होते. एकेका घराने त्यांना सांगितलेली कामं काढून घेतली. आणि मी? मी चार दिवस गप्प बसले. भ्याले म्हणून नव्हे. अण्णा आळीतून येता-जाता पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरताना दिसायचे, ते मला बघायचं होतं. तुकामामांच्या घरी काय चाललं असेल हे मी मनातून बाजूला सारलं होतं. खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

चौथ्या दिवशी बाजार होता, मी मिरच्या आणायला गेले होते. भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगांजवळ अण्णांनी तुकामामांना अडवलं आणि काही कळायच्या आत कानफटात मारली. तुकामामांचं मुंडासं खाली पडलं. एवढा मोठा माणूस, ज्याने एका खांद्याने तुळई उचलली, तो खाली वाकून ते उचलायलाही विसरला.

"मी काढली कौलं," मी म्हणाले. पुन्हा, ओरडून म्हणाले, "अण्णा, मी काढली. नागपंचमीला. हितल्या कुणाला माहीत न्हाय, मी एकटीनं काढली."

बाजारातली माणसं माझ्याकडे वळली. तुकामामांसाठी मी बोलले हे खरं. पण अर्धंच खरं. सूड घेतल्याचं त्या माणसाला कळलंच नाही तर तो सूड कसला? मला त्यांनी माझ्याकडे बघायला हवं होतं. आणि त्यांनी बघितलं.

"तू? हुसेनची पोर?" अण्णांचा हात पुन्हा वर गेला. "तुला पोलिसातच देतो थांब."

अब्बा कधी आले मला कळलं नाही. कुणीतरी त्यांना बोलावलं असावं. गळ्यात अडकवलेला तो वाकडा हात घेऊन ते आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहिले. आवाज चढवला नाही. "द्या पोलिसात. पंचनामा करतील, तवा मोरीचा बी करा म्हणावं. माझ्या हाताचा बी."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. कुणी हसलं नाही. कुणी त्यांच्या बाजूने एक शब्द बोललं नाही. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि ते निघून गेले. पोलीस आले नाहीत.

मला वाटलं होतं अब्बा पाठीवर हात ठेवतील. त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एकदा मी त्यांना माडगं द्यायला गेले तेव्हा वाटी डाव्या हाताने धरत म्हणाले, "हात माझा गेला, जैबू. सूड घ्यायचा का न्हाय ते मी ठरवणार हुतो. तू माझ्याकडनं ते बी घेतलंस." मी चुलीशी जाऊन विस्तव सारला. पन्नासहून अधिक वर्षं झाली त्याला. ते बरोबर होते. तरीही पुन्हा ती दुपार आली तर मी पुन्हा चढेन, आणि तीन ओळी सरकवेन.

त्या हिवाळ्यात अम्माने पिंजण हातात घेतली. आमच्यात बाईने पिंजण मारायची रीत नव्हती. नातेवाइकांनी तोंडं फिरवली. पहिले काही दिवस तात नुसती कण्हायची. अब्बा शेजारी बसून सांगायचे, वर मार, आता खाली, सोड. मग हळूहळू तांय-धुम् परत आलं, अब्बांच्यापेक्षा जरा रागीट.

मोरी मात्र तशीच बुजलेली होती. अण्णांनी ती उघडली नाही, आणि पुन्हा मृग जवळ आला तसे अब्बा रोज मागच्या भिंतीवर हात फिरवून बघायला लागले. नव्या भिंतीला अम्माने खालून दगड लावले होते, पण तळं साचलं तर दगड तरी किती टिकणार? एके दिवशी दुपारी तुकामामा खांद्यावर पहार टाकून घरातून निघाले. कुणाला काही न विचारता गोदामाच्या आवारात शिरले आणि मोरीच्या तोंडावरचा पहिला दगड उचकटला. आवाजाने आळी दारात आली. अण्णाही बाहेर आले. पायरीवर उभे राहिले. तुकामामांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, हातावर थुंकले आणि पुन्हा पहार मारली. अण्णा उभेच होते. थोड्या वेळाने आत गेले आणि दार लावून घेतलं.

उन्हं कलेपर्यंत मोरी मोकळी झाली. घामाने निथळत तुकामामा आमच्या परसात येऊन टेकले. मी धावत तांब्या घेऊन गेले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला नाही. अम्मा पुढे आली, तिच्या हातून घेतला, घटाघटा प्याले.

"मामा," मी म्हणाले, "आमच्यासाठी तुमी एवढं..."

"तुमच्यासाठी न्हाय," ते म्हणाले. "त्यानं मला बाजारात हाणलं, म्हणून." मग तोंड पुसून माझ्याकडे बघितलं, त्या चार दिवसांनंतर पहिल्यांदाच. "आन तू, पोरी, सांगाय चार दिस उशीर केलास."

तांब्या खाली ठेवून, पहार खांद्यावर टाकून ते गेले. त्यानंतर ते आमच्या समोर वीस वर्षं राहिले. अब्बांशी बोलायचे, अम्माशी बोलायचे, दरवर्षी आमचं छप्पर शाकारून द्यायचे. खालून त्यांना कौलं अम्मा द्यायची.